टूरिंग बाईकची सीट: वरून कुशन, आतला फोम की नवी सीट?

नवी सीट शोधायला लागण्याआधी दोन गोष्टी कागदावर लिहून काढा. दुखतं नेमकं कुठे, आणि गाडीवर बसल्यापासून किती वेळाने. बाजारात मिळणारा प्रत्येक उपाय यातल्या एखाद्या दुखण्यावरच चालतो. बाकीच्यांवर त्याचा काही उपयोग नसतो, कधी कधी तर त्रास वाढतो.

अर्ध्या तासातच बुडाच्या दोन हाडांखाली टोचायला लागत असेल तर बहुतेक वेळा फोम कडक नसतो, उलट फार मऊ असतो. हाडं त्यातून उतरून खालच्या प्लॅस्टिकच्या बेसला टेकलेली असतात. दीड-दोन तास काही जाणवत नाही आणि मग एकाएकी आग व्हायला लागते, तेव्हा बसायची जागा अरुंद आहे आणि घाम साचतोय असं समजा. जांघेत मुंग्या येतात, बधिर होतं, याचा अर्थ सीट पुढे उतरती आहे. प्रत्येक ब्रेकला तुम्ही टाकीकडे सरकता आणि हाडांनी पेलायचं वजन नाजूक भागावर येतं. मांड्यांची आतली बाजू चोळवटत असेल तर सीटची पुढची कड जास्त रुंद आहे किंवा शिवण नको तिथे आली आहे. आणि माकडहाड दुखत असेल तर सीटवर खर्च करण्याआधी मागचा शॉक तपासा. प्रीलोड, म्हणजे शॉकची स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवली आहे ते, चुकीचा असला तर खड्ड्याचा दणका पाठीत जाणारच, सीट कितीही चांगली असो.

उतार खरंच दोषी आहे का, हे फुकटात कळतं. बऱ्याच गाड्यांची सीट खालून रबराच्या बुटक्या बुंध्यांवर टेकलेली असते. पुढच्या रबरांखाली पाच-सहा मिलिमीटरची रबरी पट्टी ठेवा, सीटचं लॉक नीट बसतंय ना ते बघा आणि एक लांब चक्कर मारून या. तेवढ्यानेच टाकीकडे घसरणं थांबलं तर निम्मं निदान झालं.

आता मऊपणाचं. शोरूममध्ये अंगठ्याने दाबून सीट निवडणारे बहुतेक जण फसतात. पहिल्या पाच मिनिटांत जी गादी आवडते ती तिसऱ्या तासाला नकोशी होते. मऊ फोममध्ये हाडं रुततात, सगळा दाब दोन छोट्या ठिकाणी एकवटतो आणि तिथला रक्तपुरवठा अडतो. थोडा कडक फोम तोच दाब मांडीच्या मागच्या भागापर्यंत पसरवतो. कारागिराशी बोलताना डेन्सिटी आणि कडकपणा या दोन गोष्टी मात्र वेगळ्या ठेवा. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटरमध्ये किती किलो माल आहे, त्यावरून फोम किती वर्षं टिकेल याचा अंदाज येतो. कडकपणा मोजतात तो फोम त्याच्या जाडीच्या 25 टक्के दाबायला किती जोर लागतो यावरून. जास्त डेन्सिटीचा फोम मऊही असू शकतो आणि कडकही. त्यामुळे नुसतं ‘हाय डेन्सिटी टाका’ म्हणून काम सोपवलं तर काय हातात पडेल सांगता येत नाही.

वरून टाकायची कुशनं

सगळ्यात स्वस्त आणि पाहिजे तेव्हा काढता येणारा मार्ग हा. हवेची कुशनं, जेलचे पॅड, जाळीची कव्हरं, मेंढीचं कातडं असे प्रकार मिळतात, पण सगळ्यांची गुणवत्ता एकसारखी मुळीच नाही.

हाडांखालचा दाब कमी करण्यात हवेचं कुशन खरोखर उत्तम. एअरहॉकसारख्या कुशनमध्ये एकमेकांना जोडलेले छोटे हवेचे कप्पे असतात, आणि ही रचना मुळात दिवसभर व्हीलचेअरवर बसणाऱ्यांच्या गाद्यांमधून आली आहे. हे कुशन नावडलेले लोक भेटतात, त्यातल्या बहुतेकांनी ते टम्म फुगवून वापरलेलं असतं. आधी थोडं जास्त भरा, गाडीवर नेहमीसारखे बसा आणि झडप उघडून हळूहळू हवा सोडत जा. हाडं आणि खालची सीट यांच्यात जेमतेम बोटभर अंतर उरलं की थांबा. डोळ्यांना ते पंक्चर झाल्यासारखं दिसेल, पण तेच बरोबर. घाट चढताना पुन्हा बघावं लागतं. 3,000 मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण 70 टक्केच असतो, त्यामुळे खाली नीट लावलेलं कुशन वर पोचेपर्यंत फुगतं, आणि वर हवा सोडली असेल तर खाली उतरल्यावर चपटं होतं. शिवाय वळणावर बूड किंचित डोलतं. सरळ लांब रस्त्यांवर त्याचं काही वाटत नाही, पण घाटरस्त्यांची आवड असणाऱ्याला गाडीशी संबंध सुटल्यासारखा वाटतो. मी वळणांच्या रस्त्यावर ते काढून बॅगेत टाकतो.

जेल पॅडबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. जेल दाबलं जात नाही, नुसतं बाजूला सरकतं. त्यामुळे बारीक थरथर थोडी कमी होते, पण दणका शोषण्याचं काम फोमसारखं होत नाही. वजनाला जड, आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीवर ते इतकं तापतं की बसवत नाही. एकदा तापलं की लवकर निवतही नाही. फोममध्ये खोल बसवलेलं पातळ जेल ही गोष्ट निराळी, पण वरून बांधायचा पॅड मी तरी कुणाला सुचवणार नाही.

जाळीचं कव्हर दाबाचं काही करत नाही, ते घामाचं बघतं. खालून हवा खेळते आणि पावसानंतर कापड लवकर सुकतं. तुमची तक्रार ‘आग होते’ एवढीच असेल तर मोठ्या खर्चाआधी हे करून बघा. मेंढीचं कातडंही घामावरच चालतं, थंडीत ऊबही देतं, पण भिजलं की सुकेपर्यंत दिवस जातो.

आहे त्याच बेसवर नवा फोम

इथे तुमचीच सीट उघडून आतला फोम कापतात, भरतात आणि वर नवं कव्हर चढवतात. मला विचाराल तर बहुतेकांनी सुरुवात इथूनच करावी. बेस कंपनीचा असल्याने लॉक, बिजागर, रबर सगळं जागच्या जागी बसतं, आणि आकार हवा तसा करून घेता येतो. अट एकच, कारागीर गाडीच्या सीटवर हात बसलेला हवा. सोफे बनवणारा माणूस सीट छान मऊ, गोलसर करून देईल, आणि नेमकी तीच आपल्याला नको असते.

त्याच्याकडे जाताना माप घेऊन जा. जाड पन्हळी पुठ्ठा कडक बाकावर ठेवा, त्यावर गाडीवर बसता तितकं पुढे झुकून बसा, पाय जरा फाकवा आणि मिनिटभराने उठा. पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटलेले दिसतील. त्यांच्या मध्यांतलं अंतर बहुतेकांचं 10 ते 14 सेंटिमीटर भरतं, बायकांचं सरासरीने थोडं जास्त. सीटचा सपाट भाग या दोन खळग्यांच्या बाहेरही दोन्हीकडे पुरेसा उरला पाहिजे. बऱ्याच मूळ सीट इथेच कमी पडतात. जिथे बसायचं तिथे त्या गोलाकार उतरत्या असतात आणि हाडं उतारावर लोंबकळत राहतात.

बसायची जागा रुंद आणि सपाट, नाक म्हणजे टाकीजवळचा पुढचा भाग अरुंद, एवढं सांगितलं की निम्मं काम झालं. खाली कडक थर आणि वर पातळ मऊ थर ही जोडी चांगली चालते. मेमरी फोमचा आग्रह धरू नका. नासाच्या एम्स केंद्रासाठी 1966 मध्ये तो तयार झाला तो आसनांसाठीच, हे खरं, पण तो तापमानाप्रमाणे वागतो. थंडीत दगडासारखा, उन्हात ढिला. वर इंचभर थर ठीक, अख्खी सीट त्याची नको. कव्हर चढवण्याआधी फोमवर पातळ प्लॅस्टिक घालायला सांगा, नाहीतर शिवणीतून पाणी आत झिरपतं आणि पाऊस थांबल्यावरही दोन दिवस ओल्यावर बसावं लागतं. बसायच्या जागेवरून एकही शिवण जाता कामा नये.

कारागीर मिळत नसेल तर सीट कॉन्सेप्ट्ससारख्या कंपन्या तुमच्या मॉडेलसाठी तयार फोम आणि कव्हर देतात. जुनं उचकटून हे स्वतः स्टेपल करायचं. काम अवघड नाही, पण कव्हर न सुरकुतता ताणायला दोन माणसं आणि भरपूर धीर लागतो.

तयार सीट

कॉर्बिन, सार्जंट, मस्टँग यांच्या तयार सीट, आणि गाडीच्या कंपनीच्याच यादीत ‘कम्फर्ट’ नावाने असणाऱ्या सीट. कारागिराने केलेल्या सीटसमोर यांचा मोठा फायदा म्हणजे फिनिशिंग आणि खात्री. डब्यातून काढली, लावली, निघालो. कॉर्बिनच्या सीट कडक म्हणून ओळखल्या जातात. बसायची जागा रुंद, खोलगट, आणि नव्या असताना चांगल्याच टणक. हाडांच्या दुखण्यावर त्या गुणी, पण खोलगट जागेमुळे तुम्ही एकाच ठिकाणी बांधले जाता. ज्याला तासातासाला पुढे-मागे सरकून बसायची सवय आहे त्याला ते आवडत नाही. अशा माणसाने सपाट आणि लांब जागेची सीट बघावी.

कंपनीची कम्फर्ट सीट घेताना जपून. काही मॉडेलमध्ये आकार खरोखर बदललेला असतो, तर काहींत जुन्याच आकारावर वेगळं कापड आणि थोडा जाड फोम एवढंच. दोन्ही सीट शेजारी ठेवून वरून आणि बाजूने फोटो काढा, लगेच कळतं.

मापाची सीट

सगळ्यात महाग, आणि वाट बघायला लावणारी. रसेल डे-लाँगसारखे सीट बनवणारे तुमचं वजन, उंची आणि गाडीवर बसलेले फोटो मागवतात आणि तुमच्याच बेसवर सीट बांधतात. डे-लाँगला दोन्ही बाजूंना पंखासारखे भाग असतात, ते मांड्यांना आधार देतात. 24 तासांत 1,000 मैल, म्हणजे सुमारे 1,609 किलोमीटर, अशा सॅडलसोरच्या आव्हानात उतरणाऱ्यांमध्ये मापाच्या सीटचा बोलबाला आहे तो उगाच नाही. पण पंखांमुळे पाय फाकतात आणि जमीन दूर जाते. वर्षातून दोनदा लांब जाणाऱ्याला मी हा खर्च सुचवणार नाही. आठवड्याचे पाच दिवस खोगिरावर घालवणाऱ्याने मात्र मधले सगळे उपाय करत बसण्यापेक्षा थेट इथे यावं, एकूण खर्च कमीच होईल. बेस पाठवला की गाडी तितके दिवस उभी राहते, म्हणून जुन्या बाजारातून दुसरी मूळ सीट घेऊन ती पाठवा.

उंचीचं गणित प्रत्येक पर्यायात तपासा. सीट 25 मिलिमीटरने वाढली की गुडघ्याचा कोन मोकळा होतो, उंच माणसाला तेवढ्यानेच आराम पडतो. बुटक्या माणसाला मात्र सिग्नलवर टाचा टेकत नाहीत. पण पाय टेकणं नुसत्या उंचीवर ठरत नाही. नाक अरुंद केलं तर उंची तीच राहूनही पाय सरळ खाली जातात.

मागे बसणाऱ्याला विचारल्याशिवाय काही ठरवू नका. दोन भागांची सीट असेल तर सोपं, ज्याचं दुखतं त्याचा भाग बदला. एकसंध सीटमध्ये पुढची जागा खोल केली की मागची पायरी उंच होते, आणि मागच्याला वारा जास्त लागतो. मागची जागा पुढे उतरती ठेवू नका, ब्रेक लागला की तो माणूस तुमच्या पाठीवर येतो.

कडक सीट नवी असताना आवडली नाही तर लगेच विकू नका. फोम आणि चामडं अंगाला बसायला थोडा काळ घेतात. आठवडाभर रोजच्या कामाला गाडी वापरा, मग एक पूर्ण दिवस चालवा, आणि सुरुवातीला लिहिलेला कागद काढून बघा. दुखणं त्याच जागी, तितक्याच वेळाने येत असेल तर परत करण्याची मुदत संपायच्या आत सीट परत करा. जुनी सीट मात्र टाकू नका. गाडी विकताना नवी काढून ठेवता येते, आणि उद्या कारागिराला प्रयोगासाठी बेस लागला तर तो घरातच असतो.