‘रिस्टोअर्ड ब्लू-रे’ म्हणून मला विकली गेलेली जुनी व्हीसीडी

अण्णांच्या पंच्याहत्तरीला काय द्यायचं याचा विचार मी दोन महिने आधीपासून करत होतो. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अण्णांनी बावीस वर्षं टॉकीजमध्ये ऑपरेटरचं काम केलं. कार्बनच्या कांड्या पेटवून पडद्यावर उजेड पाडायचा तो काळ. साठच्या दशकातला एक कृष्णधवल मराठी चित्रपट आमच्या गावात दुसऱ्यांदा लागला, तेव्हा अण्णा नुकते कामाला लागले होते. तो त्यांनी पाच आठवडे चालवला. घरात त्याचं नाव निघालं नाही असा महिना गेला नसेल. इथे नाव देत नाही, कारण दोष चित्रपटाचा नाही आणि तो करणाऱ्यांचाही नाही.

समाजमाध्यमावर त्याच चित्रपटाच्या ब्लू-रे डिस्कची जाहिरात दिसली आणि मी हरखून गेलो. ‘मूळ निगेटिव्हवरून रिस्टोअर केलेला, फुल एचडी १०८०पी, ५.१ सराउंड साउंड, मर्यादित प्रती.’ म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेल्या पहिल्या फिल्मवरून साफसूफ करून नव्याने काढलेला. किंमत १,८९९ रुपये. सोबत मधोमध रेघ मारलेला फोटो होता. डावीकडे ‘आधी’, मळकट. उजवीकडे ‘नंतर’, लख्ख. बिल मिळेल का असं विचारलं, तर उत्तर आलं, ‘सर, पार्सलमध्ये असेल.’ पैसे एका माणसाच्या वैयक्तिक यूपीआय खात्यावर पाठवायचे होते. मी पाठवले. पार्सल आलं, त्यात बिल नव्हतं. वेष्टन मात्र देखणं होतं, त्यामुळे मी तिकडे दुर्लक्ष केलं.

वाढदिवसाच्या संध्याकाळी आत्या, काका, चुलत भावंडं सगळी जमली होती. दिवे मालवले. श्रेयनामावली सुरू झाली आणि वरच्या ओळीतलं नाव अर्धं कापलेलं दिसलं. आधी मला वाटलं टीव्हीचं सेटिंग चुकलं असेल. रिमोट घेऊन सगळे पर्याय फिरवून पाहिले, फरक पडला नाही. पुढच्या प्रसंगात नायिकेचा अंबाडा पडद्याबाहेर होता आणि खाली तिच्या हातातलं ताटही. सगळे कौतुकाने बघत होते. अण्णा मात्र काही बोलत नव्हते. त्यांची नजर पुन्हा पुन्हा पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्याकडे जात होती.

ती सवय ऑपरेटरची आहे. चित्रपट रिळांमध्ये असायचा. एक रीळ संपत आलं की वरच्या उजव्या कोपऱ्यात क्षणभर एक गोल खूण उमटायची. ती दिसली की दुसऱ्या प्रोजेक्टरची मोटर सुरू करायची. सातआठ सेकंदांनी दुसरी खूण, की लगेच चेंजओव्हर, म्हणजे पहिलं मशीन झाकून दुसऱ्याचं चित्र पडद्यावर. प्रेक्षकांना ती कधी कळायचीही नाही. अण्णांचं अख्खं आयुष्य त्या खुणेकडे बघण्यात गेलं.

तासाभराने ते मला हळूच म्हणाले, “खूण एकदाही आली नाही रे.”

मी म्हणालो, “अण्णा, रिस्टोअर केलाय ना. पुसून टाकली असेल.”

“खूण पुसली, मग रेघा का नाही पुसल्या?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पडद्यावर पावसासारख्या उभ्या रेघा पडत होत्या. इतक्यात नायक बोलता बोलता वाक्याच्या मधोमध पडदा काळा झाला, आवाजात ‘टक’ झालं आणि दुसऱ्याच क्षणी वाक्याचा उरलेला अर्धा भाग सुरू झाला. मागच्या स्पीकरमधून प्रत्येक संवाद विहिरीत बोलल्यासारखा घुमत होता. अण्णा म्हणाले, “आवाज पडद्यामागून यायचा. हे माजघरातून कोण बोलतंय?”

गाणं लागलं तेव्हा आईच्या लक्षात आलं ते आम्हा कुणाच्याच लक्षात आलं नसतं. आई भजनी मंडळात पेटी वाजवते. हे गाणं ती लहानपणापासून रेडिओवर ऐकत आली आहे आणि पेटीवर काळी एक या पट्टीत वाजवते. ती गुणगुणायला लागली आणि थांबली. मग उठून तिने पेटीच काढली. काळी एक दाबली तर गाणं वर, लगतची पांढरी दोन दाबली तर गाणं तिथवर पोचत नाही. दोन्हींच्या मध्येच कुठेतरी लटकलेलं. “गाणारीचा आवाज असा चिरका नव्हता,” आई म्हणाली.

पाहुणे गेल्यावर रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि ती डिस्क घेऊन बसलो.

आधी ती उलटी करून पाहिली. कारखान्यात छापलेल्या डिस्कची खालची बाजू स्वच्छ रुपेरी दिसते आणि मधल्या कड्यावर बारीक अक्षरांत क्रमांक आणि सांकेतिक खूण कोरलेली असते. माझ्या डिस्कची बाजू गडद तपकिरी होती आणि उजेडात तिरकी धरली की आतल्या भागात एक वर्तुळ दिसत होतं. तिथपर्यंत लिहिलेलं, पुढे कोरं. म्हणजे घरच्या संगणकावर बर्न केलेली. एवढ्यावरून कुणाला चोर म्हणू नये, कारण काही प्रामाणिक प्रकाशकही मागणीप्रमाणे थोड्याथोड्या प्रती अशाच काढतात. पण ते तसं सांगतात.

मग संगणकात घालून पाहिलं. २५ जीबीच्या डिस्कवर अख्खा चित्रपट ३.७ जीबीत बसवला होता. लांबी २ तास ३ मिनिटं. मीडियाइन्फो नावाचा फुकट प्रोग्राम आहे, त्यात फाइल टाकली की सगळी कुंडली समोर येते. बिटरेट, म्हणजे दर सेकंदासाठी साठवलेली माहिती, सेकंदाला ४ मेगाबिटच्या आसपास निघाला. चांगल्या ब्लू-रेवर तो साधारण २० ते ३५ असतो. अर्थात आकडा मोठा असला म्हणजे चित्र चांगलंच असं नाही, फुगवलेली फाइलही मोठी असू शकते. आकडा इतका लहान असेल तेव्हा मात्र शंका घ्यायलाच हवी.

खरी गोष्ट कळली ती चित्र थांबवून एकेक चौकट बघताना. नायिका दारातून वळते त्या जागी थांबवलं. मागची भिंत सावलीत होती, ती सगळी चौकोनी ठोकळ्यांची झालेली. चेहरा मेणासारखा गुळगुळीत, कातडीचा पोत नाही आणि फिल्मचा तो बारीक सळसळणारा कणही नाही. खांद्याभोवती पांढरी कडा, जशी कात्रीने कापून चिकटवली आहे. कोपऱ्यात वरच्या कडेला लागून बोटभर धुरकट डाग होता. चित्रपटभर तो तिथून हलला नाही. व्हीसीडी या जुन्या, हलक्या प्रतीच्या चकत्यांच्या जमान्यात कंपन्या कोपऱ्यात आपला शिक्का ठेवायच्या. हा त्याच शिक्क्याचा पुसलेला उरलेला भाग.

मग सगळं एकमेकांत बसलं. व्हीसीडीवर एका चकतीत सव्वा तासाच्या आसपासच मावायचं, म्हणून चित्रपट दोन किंवा तीन चकत्यांत यायचा. मधोमध पडदा काळा झाला तो पहिली चकती संपल्याचा सांधा. सेकंदाला २४ चौकटींचा चित्रपट आपल्याकडच्या टीव्हीच्या पद्धतीप्रमाणे २५ चौकटींनी पळवला की तो चार टक्के जास्त वेगाने जातो आणि आवाज पाऊण अर्धस्वराच्या जवळपास वर चढतो. आईच्या पेटीने नेमकं तेच पकडलं होतं. जुन्या चित्रपटांचं चित्र उंचीच्या १.३७ पट रुंद, जवळजवळ चौरस. ते आजच्या टीव्हीवर काठोकाठ भरायला वरून-खालून जवळपास पाव भाग कापावा लागतो. अंबाडा, ताट, नावं त्यात गेली. अण्णांची खूणही त्यातच गेली, ती कुणी पुसलेली नव्हती. आणि वरचं कापलं म्हणून शिक्काही अर्धा झाला, तो झाकायला सोपा.

एक गोष्ट अजून उरली होती. सुरुवातीच्या सेन्सॉर प्रमाणपत्रावर चित्रपटाची लांबी मीटरमध्ये असते. धूसर होतं, पण अण्णांनी भिंग लावून वाचलं, ३,७०० मीटर. ते मनातल्या मनात हिशेब करून लगेच म्हणाले, “सव्वादोन तास.” ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला नव्वद फूट, म्हणजे सुमारे २७.४ मीटर जाते. म्हणजे १३५ मिनिटं. वेग वाढल्यामुळे ती एकशे साडेएकोणतीस व्हायला हवीत. डिस्कवर होती १२३. साधारण साडेसहा मिनिटं गायब. दुसऱ्या अर्ध्यातलं एक गाणं पूर्ण उडवलेलं होतं, ते अण्णांना आधीच कळलं होतं. वाढदिवस म्हणून ते बोलले नव्हते.

आवाजाचंही तसंच. तो ऑडॅसिटी या आवाजाच्या प्रोग्राममध्ये उघडून समोरचा डावा आणि उजवा भाग एकमेकांतून वजा केला, तर उरली निव्वळ शांतता. म्हणजे दोन्ही एकच. मूळ चित्रपट मोनो, म्हणजे एकाच वाटेच्या आवाजाचा आहे आणि मोनो असणं हा काही दोष नाही. साफ केलेला एकच आवाज मधल्या स्पीकरमधून आला असता तर आम्ही खूश झालो असतो. त्याला मागून खोटा घुमारा जोडून चहूबाजूंच्या आवाजाचा ‘५.१’ म्हणून विकणं ही फसवणूक.

मी विक्रेत्याला सगळं लिहून पाठवलं. दोन दिवसांनी उत्तर आलं, “डिस्क चालते ना सर? जुना पिक्चर आहे, असाच दिसणार.”

पैसे गेले त्याहून मला हे वाक्य जास्त लागलं. ते धादांत खोटं आहे आणि आपल्यातल्या बहुतेकांना ते खरं वाटतं. जुना चित्रपट धूसर नसतो. धूसर असते ती नकलेची नक्कल. ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हमध्ये आजच्या फुल एचडी टीव्हीला दाखवता येईल त्याहून जास्त बारकावा असतो, साठच्या दशकातल्या निगेटिव्हमध्येही. अण्णा सांगतात, तीस फुटांच्या पडद्यावर नऊवारीच्या काठाची वीण दिसायची, कुंकवाची कड दिसायची. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, सगळे मिळून लाखभर. फुल एचडीचे वीस लाखांहून जास्त. लाखाचे वीस लाख करताना संगणक मधल्या जागा अंदाजाने भरतो. काठाची वीण त्या लाखात आलीच नव्हती, तर ती परत कुठून आणणार? आमच्या पिढीने हे चित्रपट फक्त दूरदर्शनवर आणि व्हीसीडीवर पाहिले, म्हणून ते असेच होते असं आपण धरून चालतो. त्या समजुतीवरच या माणसांचा धंदा चालतो.

‘मूळ निगेटिव्हवरून’ हे शब्द तर फारच जपून घ्या. आपल्याकडच्या कितीतरी चित्रपटांची मूळ निगेटिव्ह आज नाहीतच. काही सडली, काही त्यातल्या चांदीसाठी विकली गेली. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत प्रभातच्या चित्रपटांसह कितीतरी जुनी, पटकन पेट घेणारी नायट्रेट फिल्म जळाली. निगेटिव्ह खरंच सापडली आणि तिच्यावर काम झालं, तर ते करणारे लोक अभिमानाने सांगतात. पुण्याचं १९६४ सालापासूनचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय असो किंवा मुंबईची फिल्म हेरिटेज फाउंडेशन, यांच्या कामात कोणती निगेटिव्ह किंवा प्रिंट वापरली, ती कुठे होती, कोणत्या प्रयोगशाळेत काम झालं हे बऱ्याचदा चित्रपटाच्या सुरुवातीलाच लिहिलेलं असतं. म्हणून विकत घेण्याआधी तेवढं एक विचारा: कशावरून केलं आणि कुणी केलं? मी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर १,८९९ रुपये वाचले असते.

फोटोंऐवजी दोन मिनिटांचा सलग तुकडा मागा, ज्यात माणसं हलतात आणि अंधारातलं काहीतरी आहे. स्थिर फोटो कुठलाही सजवता येतो. पार्सल फोडताना न थांबवता व्हिडिओ काढा. मी काढला नव्हता आणि आता विक्रेता म्हणतो की डिस्क तुम्हीच बदलली असेल. जाहिरातीचे स्क्रीनशॉट आणि पैसे पाठवल्याची पावती माझ्याकडे होती, एवढंच काय ते बरं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. तिथे काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. आपण राहतो त्याच जिल्ह्यात दावा लावता येतो आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क पडत नाही, हे मला आत्ता कळलं. दीड-दोन हजारांसाठी कोण एवढं करणार, असं मला तिघांनी म्हटलं. मी करणार आहे.

दरम्यान ती जाहिरात दुसऱ्या नावाने पुन्हा सुरू झाली आहे. फोटो तोच, आधी आणि नंतरचा. परवा अण्णांनी तो भिंगाखाली धरला आणि मला दाखवलं. नायिकेच्या खांद्यावरून एक बारीक तिरकी रेघ जाते. ती डावीकडच्या ‘आधी’मधून सुरू होते आणि मधली रेघ ओलांडून उजवीकडच्या ‘नंतर’मध्ये सरळ पुढे जाते. एकच चौकट. डावीकडे काळोख वाढवलाय, उजवीकडे उजेड.