केबलवाल्याचा ‘गेमिंग प्लॅन’: साधाच घ्या, वर एक वायर टाका

आमच्या देवगड तालुक्यातल्या वाडीत ज्याची फायबर लाईन आहे, त्या केबलवाल्याने यंदा पावसाच्या तोंडावर ‘गेमिंग प्लॅन’ काढला. साधा ५० एमबीपीएसचा महिना ५९९ रुपये, हा १५० चा ९९९. पत्रकावर हेडफोन लावलेला पोरगा आणि खाली ठळक ‘झिरो लॅग’, म्हणजे खेळ जराही अडखळणार नाही. दोन्ही प्लॅन वापरून झालेत, म्हणून लिहितेय. गेमिंग प्लॅनला २ तारे, त्यांच्या लाईनमनला ५. केबलवाल्याचं नाव मुद्दाम देत नाही. मला याच वाडीत राहायचंय.

मी दिवसा घरून अकाउंट्सचं काम करते आणि रात्री पुण्यातल्या कॉलेजच्या गँगबरोबर व्हॅलोरंट हा ऑनलाइन गोळीबाराचा खेळ खेळते. या खेळाला चालू मॅचमध्ये १ एमबीपीएसच्या आसपास पुरतं. जास्त स्पीड कामाला येतो तो अपडेट उतरवताना. मॅचमध्ये मरायचं की मारायचं ते ठरतं पिंगवर (आपला संदेश सर्व्हरला जाऊन परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत), आणि पिंग कमी असण्यापेक्षाही तो एका जागी टिकण्यावर. सतत ४० असेल तर हाताला सवय होते. २५ वरून १८० आणि परत २५ असा उड्या मारत असेल, तर कोपऱ्यामागे उभा असलेला माणूस आपल्याला दिसायच्या आधी आपण आडवे.

आता ज्या कॉम्प्युटरवर मॅच चालते तो सर्व्हर आहे मुंबईत. रस्त्याने साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. काचेच्या तारेतून उजेड सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो, म्हणजे जाऊन-येऊन ५ मिलिसेकंदांचं काम. बाकीचा वेळ मधल्या यंत्रांत जातो. हे अंतर प्लॅन बदलून कमी होत नाही. माझा पिंग ५० च्या प्लॅनवर २६ होता, १५० च्या प्लॅनवरही २६. वरचे ४०० रुपये गेले कुठे, हे काउंटरवर विचारलं तर “मॅडम, रिस्टार्ट करून बघा.”

खरा घोळ कळला तो लाईनमन काका आले तेव्हा. राउटर पडवीत, मी माडीवर, मध्ये चिऱ्याच्या दोन जाड भिंती. काकांनी भिंतीवर थाप मारली आणि म्हणाले, “गो बाय, स्पीड वाढवन काय होवचां नाय. तुझो वायफाय ह्या चिऱ्यात अडाकता.” त्यांनी लॅपटॉपवर दोन खिडक्या उघडून दिल्या. एकीत राउटरलाच सतत पिंग, दुसरीत बाहेरच्या सर्व्हरला. राउटर घरातच आहे, तिथला आकडा १-२ च्या वर जायला नको. माझा ९० पर्यंत उडत होता. म्हणजे पडवीतून माडीवर येईपर्यंतच निम्मी वाट लागलेली. हे दोन खिडक्यांचं तंत्र प्रत्येकाने करून बघावं: राउटरचा आकडा उडाला तर दोष घरात, राउटर शांत आणि बाहेरचा उडाला तर दोष लाईनीत. मगच फोन करून भांडा.

उपाय म्हणजे राउटरपासून थेट लॅपटॉपपर्यंत नेटची कॅट-६ वायर, पडवीच्या खिडकीच्या गजांतून माडीवर. (ही वायर १०० मीटरपर्यंत चालते, तेव्हा मांगरात बसून खेळायचं असेल तरी हरकत नाही.) राउटरचा आकडा त्या संध्याकाळपासून १ च्या खालीच.

तरीही रात्री नऊच्या सुमारास पिंग ३०० वर जायचा. तेव्हा भाऊ मुंबईहून आलेला, त्याचा फोन दिवसभराचे व्हिडिओ क्लाउडवर चढवत असायचा. अपलोड भरला की राउटर पॅकेट (डेटाचे छोटे तुकडे) टाकून न देता रांगेत धरून ठेवतो, आणि माझी गोळी त्या व्हिडिओच्या मागे उभी राहते. मोठ्या प्लॅनने ही रांग मिटेलच असं नाही, फोन तेवढाच जास्त ढकलतो. राउटरच्या सेटिंगमध्ये क्यूओएस (कोणाला किती स्पीड द्यायचा ते ठरवणारी सोय) शोधलं, अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष मिळणाऱ्या स्पीडच्या नव्वद टक्क्यांवर आणली. व्हिडिओ थोडे सावकाश चढतात. भावाला अजून पत्ता नाही.

लाईनीत दोष निघाला तो आषाढात. राउटरचा आकडा शांत, पण गेममध्ये पॅकेट लॉस, म्हणजे वाटेत हरवणारी पॅकेट, ८ टक्के, माणसं जागच्या जागी उड्या मारत पुढे सरकायची. फायबरच्या डब्यावर लाईन तुटल्याचा लाल दिवा नव्हता, म्हणून ऑफिसने “इथून सगळं ओके दिसतंय” म्हणून फोन ठेवला. काका मात्र इरलं पांघरून आले, तारेतला उजेड मोजणारा पॉवर मीटर लावला. उणे २९. साधारण उणे २७ च्या खाली गेलं की घरातल्या डब्याला उजेड नीट वाचता येत नाही. “नशीब समज, अजून बंद पडूक नाय.” गडग्याजवळ आंब्याची फांदी तारेवर कलंडली होती आणि तार तिथे कोपरासारखी मुडपली होती. पडवीत बसून त्यांनी तार सोलली, स्पिरिटने पुसली, कटरने टोक सपाट कापलं, जोडणीच्या छोट्या यंत्रात दोन्ही टोकं ठेवली. पडद्यावर दोन केसांएवढ्या रेघा समोरासमोर आल्या, ठिणगी पडली, एक रेघ झाली. वर प्लॅस्टिकची नळी तापवून बसवली. मीटर उणे २०. चहा घेतला, पैसे घेतले नाहीत.

एक गोष्ट मात्र काकांच्याही हातात नाही. भाच्याने घरच्या पीसीवर माइनक्राफ्ट या खेळातलं स्वतःचं जग उघडलं, तर त्याच्या मित्रांना बाहेरून आत येता येईना. ऑफिसवाले पोर्ट फॉरवर्ड करा (राउटरवर बाहेरच्यांसाठी दार उघडा) म्हणून सांगत राहिले. पण यांच्याकडे अनेक गिऱ्हाइकांत मिळून एकच पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) आहे, तिथे आपल्या राउटरवर पोर्ट उघडून काही होत नाही. वेगळा स्टॅटिक आयपी (फक्त आपला, न बदलणारा पत्ता) घ्यावा लागतो आणि तो ‘गेमिंग’ प्लॅनमध्ये येत नाही! पाचातले दोन तारे कापले ते इथे. आणखी एक कापला तो पत्रकावरच्या ‘झिरो’साठी.

वाचलेल्या पैशांत राउटरचा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस घ्या. आमच्याकडे पावसात लाईट डोळा मिचकावल्यासारखी जाते-येते, आणि राउटर परत उभा राहीपर्यंत मॅच गेलेली असते. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असतेच.

गेमिंगवरून साध्यावर यायचं असेल तर महिना संपायच्या आधी ऑफिसात जाऊन सांगा, फोनवर करत नाहीत. नाहीतर त्याच प्लॅनचा रिचार्ज आपोआप होतो.