सायकलवरची भावंडं बघायची की नदीत उड्या मारणारी पोरं?

सिंगापूर-मलेशियाची सहल ठरली की घरात एक वाद हमखास होतो: पेनांगसाठी दोन दिवस काढायचे, की तेही सिंगापूरलाच घालवायचे? थीम पार्क आणि खरेदीचा हिशेब तुमचा तुम्ही करा. मी इथे एकच गोष्ट तोलतेय. दोन्हीकडे रस्त्यावर, फुकट बघायला मिळणारी कला आहे. त्यात पोरांचे खेळ आहेत आणि चार मुलखांतून आलेल्या माणसांची वस्तीही.

मलेशियातल्या पेनांग बेटावरचं जॉर्जटाउन हे शहर 2008 पासून युनेस्कोच्या वारसा यादीत आहे. 2012 मध्ये तिथल्या महोत्सवासाठी अर्नेस्ट झाकारेविच या लिथुआनियन चित्रकाराने जुनाट भिंतींवर मुलं रंगवली. आर्मेनियन स्ट्रीटवरची सायकल खरी, लोखंडाची, भिंतीला पक्की केलेली. तिच्यावरची भावंडं मात्र रंगातली. ताई पुढे, धाकटा मागून तिला घट्ट धरून आ वासून ओरडतोय. भिंतीचे पोपडे निघालेत, रंग विटलाय, तरी त्याचं ओरडणं ऐकू येतं. दुसऱ्या एका गल्लीत खरी मोटरसायकल आणि तिच्यावर रंगवलेला मुलगा. लुई गान या स्थानिक चित्रकाराने रंगवलेल्या भावंडांना तर खरा झोपाळाच आहे.

इथे पोरांना काही समजावावं लागत नाही. हात लावायचा, टेकायचं, तोंड वेडावायचं. आमचा धाकटा त्या ओरडणाऱ्या पोराशेजारी तसाच आ करून इतका वेळ उभा राहिला, की मागची रांग कुरकुरायला लागली. रांग असतेच, म्हणून सकाळी लवकर जा. दहानंतर ऊन आणि गर्दी दोन्ही अंगावर येतात. बाबागाडी असेल तर मात्र हाल आहेत. दुकानांपुढचे ओटे कुठे उंच, कुठे सखल, आणि मध्येच कुणाची तरी स्कूटर लावलेली.

माणसांची सरमिसळ म्हणाल तर ती चित्रांपेक्षा चित्रं शोधत चालताना जास्त दिसते. कपितान केलिंग मशीद, महामारिअम्मन मंदिर, क्वान यिन या चिनी देवीचं देऊळ आणि सेंट जॉर्ज चर्च, सगळं रमतगमत एका फेरीत होतं.

सिंगापूरचं काम नीटनेटकं, आणि खरं सांगायचं तर पहिल्या नजरेला थोडं थंड. फुलर्टन हॉटेलशेजारी, कॅव्हेना पुलाजवळ, चोंग फा चेओंग या शिल्पकाराची पाच ब्राँझची नागडी पोरं नदीत उड्या टाकतायत. एक काठावर बसलेला, एक पाण्यावर अधांतरी. मुलं दोन मिनिटं बघतात, हसतात आणि आइस्क्रीम मागतात.

पण बरोबर आजोबा असतील तर गोष्ट वेगळी. विहिरीत मुटका मारलेल्या, पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेल्या माणसाला त्या पोरांचा आवेश लगेच ओळखू येतो. मग गोष्टी निघतात. त्यात हेही सांगून टाका, की ही नदी एकेकाळी घाणीने काळी पडली होती आणि 1977 पासून दहा वर्षं खपून ती साफ केली. आता पाणी स्वच्छ आहे, पण तिथे पोरांनी उडी मारायची सोय राहिलेली नाही. मला त्या शिल्पाजवळ नेहमी जरा उदास वाटतं, ते यामुळेच. नदीकाठी चेट्टियार सावकारांचं शिल्पही आहे. त्या काळच्या तमिळ पेढ्यांची ती आठवण.

सिंगापूरला भिंती बघायच्या असतील तर यिप यू चोंगच्या बघा. हा गृहस्थ आधी अकाउंटंट होता. चायनाटाउनमधलं आपलं लहानपणीचं घर त्याने आतल्या सामानासकट भिंतीवर मांडलंय. या चित्रांत बारकावे इतके, की वाचणारी मुलं रमतात. चार वर्षांचं पोर पुढे पळतं.

तर माझं मत असं: मुलं दहाच्या आतली असतील आणि चालायला तयार असतील तर पेनांग, डोळे मिटून. सिंगापूरहून विमानाने सव्वा-दीड तास. आजी-आजोबा, बाबागाडी किंवा गुडघेदुखी सोबत असेल तर सिंगापूर. नदीकाठ सपाट आहे, बसायला जागा आहे, मेट्रोचं रॅफल्स प्लेस स्टेशन जवळ आहे. तिथे संध्याकाळी जा, आणि पुलाजवळच्या ब्राँझच्या मांजरी मुलांना शोधू द्या. तेवढ्यात आजोबांची विहीर सांगून होते.