बंद सदनिकेचे नूतनीकरण: ठेकेदाराच्या कामाविषयी

अनेक वर्षे बंद असलेली पुण्यातील आमची सदनिका राहायला जाण्यापूर्वी नीट करून घेण्याचे काम आम्ही एका स्थानिक ठेकेदाराकडे सोपवले, आणि एकंदरीत त्या कामावर मी समाधानी आहे.

सर्वांत उत्तम झाले ते न्हाणीघर. जुन्या फरशा व त्यांखालचा भराव पूर्ण काढून, भिंत आणि जमीन यांच्या सांध्यात सिमेंटची गोलाई देऊन त्यांनी जलरोधक लेपाचे दोन थर भिंतीवरही फूटभर चढवले. मग जाळीचे तोंड बंद करून 48 तास पाणी साठवले. पाण्याची पातळी भिंतीवर पेन्सिलीने आखली होती, आणि खालच्या काकूंकडे जाऊन छत कोरडे असल्याची खात्री होईपर्यंत मिस्त्रींनी एकही फरशी बसवू दिली नाही. अशी चिकाटी आजकाल क्वचितच पाहायला मिळते.

विजेचे कामही चोख आहे: गिझर व एसीसाठी 4 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या स्वतंत्र तारा टाकल्या आणि आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा आपोआप तोडणारी सुरक्षा-कळ) बसवली.

रंगकामात मात्र घाई झाली. नव्या गिलाव्यातील ओल सुकण्याआधीच पुट्टी लावल्याने स्वयंपाकघराच्या खिडकीखाली पोपडे आले. ते त्यांनी विनामूल्य खरवडून पुन्हा केले खरे, पण तोपर्यंत सामान आत आले होते आणि धूळ सगळीकडे बसली. राडारोडा उचलण्याचे पैसेही शेवटी वेगळे मागितले गेले. हा खर्च अंदाजपत्रकातच लिहून घ्यावा.