स्टेपब्रदर की हाफब्रदर?

मराठीत ‘सावत्र भाऊ’ म्हटले की दोन निराळी नाती एकाच शब्दात सामावतात. इंग्रजीत लिहिताना मात्र त्यांतले नेमके कोणते, हे ठरवावेच लागते. आई किंवा वडील यांपैकी एकच पालक समान असेल, तर तो हाफब्रदर. रक्ताचे नाते मुळीच नसून केवळ एकाच्या आईने दुसऱ्याच्या वडिलांशी विवाह केल्यामुळे जोडला गेलेला, तो स्टेपब्रदर.

घोटाळा बहुधा सावत्र आईमुळे होतो. सोयराबाई या संभाजी महाराजांच्या स्टेपमदर, म्हणून त्यांचे पुत्र राजाराम महाराज हे संभाजी महाराजांचे स्टेपब्रदर, असे पुष्कळ जण सहज लिहून जातात. परंतु दोघांचेही वडील शिवाजी महाराजच असल्यामुळे येथे हाफब्रदर हाच शब्द बरोबर आहे. बराक ओबामा आणि माया सोएटोरो यांची आई एक, म्हणून त्या त्यांच्या हाफसिस्टर. मायांचे वडील मात्र ओबामांचे स्टेपफादर.

बोलताना नुसते ‘ब्रदर’ म्हणणे मला अधिक आपुलकीचे वाटते. दवाखान्यातील कौटुंबिक आजारांच्या रकान्यात मात्र हा भेद पाळायलाच हवा, कारण हाफब्रदरचा मधुमेह आनुवंशिकतेच्या दृष्टीने महत्त्वाचा असतो, स्टेपब्रदरचा नव्हे. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा तर आणखी बारकाईने पाहतो: वडील एक पण आई वेगळी असल्यास ‘हाफ ब्लड’, आणि आई एक पण वडील वेगळे असल्यास ‘युटेराइन ब्लड’.