खाऱ्या पाण्यात आठ महिने: ४००० साइजचं रीळ आणि त्यातलं ७ मिलिमीटरचं बेअरिंग

जानेवारीत देवगडच्या बाहेर, खडकाजवळ, गळाला लागून हाताशी आलेला तांबोशी मासा गेला. तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात आहे. होडीतून पहिल्यांदाच गरवायला, म्हणजे गळानं मासे धरायला, जाणाऱ्यांनी, त्यातही आपल्यासारख्या घाटावरच्यांनी, हे नीट वाचा.

सामान सगळे घेतात तेच. ७ फुटी मीडियम-हेवी रॉड, ४००० साइजचं स्पिनिंग रीळ (मला ३,८०० ला पडलं), ३० पौंडी ब्रेडेड (विणलेली) दोरी, पुढं ४० पौंडी लीडर, म्हणजे गळाजवळचा जाड दोरीचा तुकडा. ऑक्टोबर ते मे अकरा फेऱ्या झाल्या. रॉडबद्दल तक्रार नाही. दोरीचा रंग उडालाय, ताकद शाबूत आहे.

तांबोशी लागली की सरळ खडकाच्या कपारीकडं पळते. पहिल्या दहा सेकंदांत अडवली तर आपली. त्या दिवशी जिवंत कोळंबी लावली होती. रॉड वाकला, ड्रॅग (मासा ओढेल तशी दोरी सोडणारा रिळातला ब्रेक) सुटला, मी दोन वेढे घेतले आणि दोरी तुटली. खडकाला घासली म्हणावं तर टोक रिळाजवळच होतं, कापसासारखं पिंजलेलं. लाइन रोलरला नख लावून बघितलं, तर तो हलेना.

लाइन रोलर म्हणजे बेलच्या, म्हणजे दोरी रिळावर गुंडाळणाऱ्या तारेच्या कडीच्या, टोकाला असतो तो छोटा रूळ. समुद्रातून येणारी ओली दोरी प्रत्येक वेढ्याला त्याच्यावरनंच जाते, म्हणून मीठ पहिलं तिथं साठतं. आतलं बेअरिंग धरलं की रूळ फिरायचा थांबतो, दोरी एकाच जागी घासत राहते, तिला पीळ पडतो. हँडल मात्र लोण्यासारखं फिरत असतं, त्यामुळं कळतच नाही.

दुकानदाराकडं गेलो. उत्तर मिळालं, ‘खाऱ्या पाण्याचा गंज वॉरंटीत बसत नाही.’ आणि खोक्यावर ठळक अक्षरांत ‘सॉल्टवॉटर’ छापलेलं! बेलचा अख्खा भाग बदला म्हणाले, ९०० रुपये, वर तीन आठवडे थांबा. ते तीन आठवडे संपले तरी मी फोनच करत होतो. त्या रागात लिहिलं असतं तर एकच स्टार दिला असता.

शेवटी रीळ घेऊन कोल्हापुरातल्या उद्यमनगरात गेलो. ओळखीच्या लेथवाल्यानं बारीक स्क्रू काढून रोलर उघडला. आत नारिंगी भुकटी आणि मिठाचे पांढरे कण. व्हर्नियर लावला: आतलं भोक ४, बाहेरचा व्यास ७, जाडी २.५ मिलिमीटर. बेअरिंगच्या दुकानात रबर सीलवाली स्टेनलेसची दोन मिळाली, १४० रुपयांत. दहा मिनिटांत काम झालं.

माझं मत बदललं ते पुढच्या फेरीत. होडीवाल्या काकांचं रीळ माझ्याहून जुनं, साध्यातलं, पण रोलर भिंगरीसारखा फिरत होता. त्यांनी एवढंच विचारलं, “गोड्या पाण्यान कधी धुतलंस?”

मी धूत होतो, पण दुसऱ्या दिवशी, कोल्हापुरात. काका जेट्टीवर उतरल्या उतरल्या धुतात, चहाच्या आधी. माझं रीळ गगनबावड्याचा घाट चढून रात्रभर डिकीत पडायचं. मीठ तिथंच सुकून घट्ट व्हायचं आणि सकाळी मी गाडी धुवायच्या पाइपानं जोरात पाणी मारायचो. त्या जोरानं ते आणखी आत जायचं. म्हणजे अर्धा दोष माझा. उरलेला अर्धा कंपनीचाच: ‘सॉल्टवॉटर’ म्हणून विकायचं आणि जिथं मीठ सगळ्यात जास्त लागतं तिथंच बिनसीलचं बेअरिंग घालायचं, हे मला पटत नाही.

आता गाडीत ५ लिटरचा गोड्या पाण्याचा कॅन असतोच. होडीतून उतरलं की ड्रॅग घट्ट आवळायचा म्हणजे स्पूलच्या (दोरी गुंडाळलेल्या फिरकीच्या) आत पाणी शिरत नाही, मग वरनं अलगद पाणी सोडायचं. रीळ बुडवायचं नाही. फडक्यानं पुसायचं आणि घरी येऊन ड्रॅग सैल सोडायचा, नाहीतर आतले वॉशर दबून राहतात. वाळल्यावर रोलरला तेलाचा एक थेंब. फेब्रुवारी ते मे सात फेऱ्या झाल्या, रोलर अजून फिरतोय.

नवीन माणसानं पैसे कुठं घालावेत? आधी लाइफ जॅकेट, मग गंज न धरणारी लांब चोचीची पक्कड, कारण शिंगाळा माशाचा काटा हातात घुसला की दिवस संपला. सामानाची पिशवी मोजायचा लटकता काटा घरात असतोच, त्याला दोरी बांधून ड्रॅग साडेतीन किलोच्या आसपास सुटेल असा लावा. ३० पौंडी दोरीला तेवढा पुरतो. ब्रेडेड दोरी भरताना स्पूलवर खाली थोडी साधी नायलॉन गुंडाळा, नाहीतर दोरीचा अख्खा गठ्ठा स्पूलवर घसरतो.

खोक्यावरचे ‘१०+१ बेअरिंग’ मोजत बसू नका. दुकानात बेल उघडा, खिशातला दोरा रोलरवरनं ताणून ओढा. रोलर दोऱ्याबरोबर फिरला तर घ्या, दोरा नुसता सरकला तर परत द्या. आणि रोलर स्क्रू काढून उघडता येतो का, ते तिथंच बघून घ्या.

जून-जुलै पावसाळी मासेमारीबंदीचे. रीळ पुसून कपाटात ठेवलंय, दुसरं बेअरिंग गळांच्या डबीत आहे.