रंगलेला प्रयोग, ऑनलाइन आवाहन की दरमहा वर्गणी : दिव्यांग मुलांसाठी निधी उभारताना

माजी विद्यार्थ्यांची बॅच असो, गृहनिर्माण संस्था असो की गणेश मंडळ, ‘यंदा दिव्यांग मुलांसाठी काहीतरी करू या’ हा ठराव एकमताने मंजूर होतो आणि खरी चर्चा ‘काहीतरी म्हणजे काय’ येथून सुरू होते. सहसा तीन सूचना पुढे येतात : नाटकाचा किंवा गाण्यांचा मदतनिधी कार्यक्रम, एखाद्या मुलाच्या उपचारासाठी ऑनलाइन आवाहन आणि एखाद्या विशेष शाळेला दरमहा ठरावीक रक्कम. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये संस्थेसाठी धावण्याची चौथी सूचनाही असते; मात्र त्यासाठी आपण निवडलेली संस्था त्या उपक्रमात नोंदलेली असावी लागते, म्हणून तिचा विचार येथे केलेला नाही.

कार्यक्रमाचे आकर्षण उघड आहे. लोक एकत्र येतात, स्मरणिका निघते, जाहिराती मिळतात आणि संस्थेची मुले मंचावर आली की सभागृह हेलावते. परंतु नाट्यगृहाचे भाडे, कलाकारांचे मानधन, ध्वनी-प्रकाश आणि छपाई यांचा खर्च तिकीट विकले जाण्याआधीच ठरलेला असतो, आणि हिशेब लागतो तेव्हा हाती उरणारी रक्कम कार्यकर्त्यांच्या तीन महिन्यांच्या धावपळीच्या मानाने तोकडी वाटू शकते. शिवाय आपला गट नोंदणीकृत न्यास नसेल, तर लोकांकडून धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करण्यापूर्वी महाराष्ट्रात धर्मादाय कार्यालयाकडे सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१-सी अन्वये रीतसर जावे लागते; गणेश मंडळांच्या खजिनदारांना हे पाठ असते, बॅचच्या उत्साही मंडळींना बहुधा नसते.

ऑनलाइन आवाहनाचा वेग बाकीच्या दोहोंना साधणार नाही. शस्त्रक्रियेची तारीख आठवड्यावर आली असेल, तर दुसरा मार्ग सुचवण्यात अर्थ नाही. तरीही पाहायच्या दोन गोष्टी आहेत. पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात जातात की कोणा व्यक्तीच्या, हे आधी विचारावे. व्यक्तीला दिलेल्या रकमेवर देणगीची प्राप्तिकर सवलत मिळत नाही. दुसरे म्हणजे महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. रुग्णालयातील समाजसेवा विभागात याची चौकशी न करताच आवाहन फिरू लागते, हे माझ्या मते फार मोठे दुर्लक्ष आहे. आवाहनातल्या छायाचित्राविषयीही संकोच बाळगावा. बालगृहातील, म्हणजे काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करण्यास २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने मनाई आहे. आणि जेथे कायदा आड येत नाही तेथेही, हे मूल मोठे होऊन स्वतःचे नाव शोधेल तेव्हा त्याला काय दिसेल, हा प्रश्न उरतोच.

मासिक वर्गणी या तिघांत सर्वांत निरस दिसते, आणि माझा कौल तिलाच आहे. मतिमंदत्व, सेरेब्रल पाल्सी किंवा स्वमग्नता असलेल्या मुलांच्या शाळेचा मोठा खर्च असतो तो विशेष शिक्षक, फिजिओथेरपिस्ट, मदतनीस आणि गाडीचा चालक यांच्या पगाराचा. तो दर महिन्याला येतो, आणि त्यावर फीत कापता येत नसल्याने त्यासाठी देणगीदार मिळत नाही. उलट वस्तू मिळतात. एका शाळेच्या जिन्याखाली मी घडी घातलेल्या चाकाच्या खुर्च्या प्लॅस्टिकसकट रचून ठेवलेल्या पाहिल्या. सगळ्या प्रौढांच्या मापाच्या. तशा खुर्चीत सात वर्षांच्या मुलाला बसवले, तर त्याचे पाय खालच्या फळीपर्यंत पोहोचत नाहीत आणि कंबर एका बाजूला कलते. पायाला आधार देणाऱ्या कॅलिपरचे तसेच : मूल वाढते, पट्टा रुतू लागतो आणि नवे माप घ्यावे लागते. साधनांसाठी केंद्र सरकारची एडिप योजना आहे, पण ते साधन मुलाच्या अंगवळणी पाडणाऱ्या थेरपिस्टचा पगार त्यातून निघत नाही. चाळीस जणांनी दरमहा ५०० रुपये दिले, तर महिन्याला २०,००० आणि वर्षाला २,४०,००० रुपये होतात. त्यावर संस्था माणूस नेमू शकते, कारण पुढच्या महिन्याचे पैसे येणार हे तिला ठाऊक असते. चौथ्या महिन्यापासून गळती लागण्याचा धोका मात्र खरा आहे, म्हणून बँकेतून आपोआप रक्कम वळती होण्याची सोय पहिल्याच बैठकीत प्रत्येकाच्या फोनवर करून घ्यावी.

कराच्या बाबतीत फार गुंतू नये. पात्र संस्थेला दिलेल्या देणगीवर साधारणपणे ५० टक्के वजावट मिळते, रोख २,००० रुपयांच्या वर असेल तर मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत ही वजावटच नाही.

बॅचमधले परदेशस्थ मित्र असतील, तर त्यांचे पासपोर्ट विचारावेत. भारतीय नागरिकाने आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम विदेशी योगदान ठरत नाही. अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्याची ठरते, मग त्याच्याकडे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड का असेना. त्यासाठी संस्थेची एफसीआरए, म्हणजे विदेशी योगदान नियमन कायद्याखालची, नोंदणी लागते आणि पैसे तिच्या नवी दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. अशा मित्राची रक्कम पुण्यातल्या एखाद्याच्या खात्यात घेऊन सर्वांच्या वर्गणीत मिसळून दिली, तर नियमभंगाचे बालंट शाळेवर येऊ शकते.

कार्यक्रमाची हौस असेलच, तर तो वर्गणी सुरू झाल्यावर दुसऱ्या वर्षी, शाळेची गाडी किंवा रॅम्प अशा एकदाच कराव्या लागणाऱ्या खर्चासाठी ठेवावा, आणि त्याची रक्कम ठरवण्याआधी मुख्याध्यापिकेला एकदा भेटून यावे.